बुरशी खाणारी बुरशी आणि तिच्या विषातली औषधं

मिरजेजवळच्या एका खेड्यात माझी मावशी धिंगरी अळंबी लावते. पत्र्याच्या शेडमध्ये दोरीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आत वाफवलेला गव्हाचा भुसा आणि भुशात पसरत गेलेलं अळंबीचं पांढरंशुभ्र जाळं. गेल्या पावसाळ्यात मी तिथे गेलो होतो, तेव्हा एका पिशवीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा हिरवा डाग दिसला. मी पिशवीकडे हात नेला, तर मावशी ओरडलीच. "हात नको लावूस! ही पिशवी गेली आता. तशीच उचलून लांब नेऊन पुरायची. नाहीतर आठ दिवसांत अख्ख्या शेडचं वाटोळं होईल."

त्याच दुपारी काका तालुक्याहून हळदीसाठी एक पाकीट घेऊन आले. कंदकूज लागू नये म्हणून शेणखतात मिसळून ते शेतात टाकायचं होतं. पाकिटावर नाव होतं ट्रायकोडर्मा. आणि मावशीच्या पिशवीतला तो हिरवा डागही ट्रायकोडर्माच. जाती वेगळ्या असतील, पण कूळ एक. शेडमधला चोर आणि शेतातला राखणदार दोघांचा धंदा एकच आहे: दुसऱ्या बुरशीला खाणं. हळदीचा कंद कुजवणारी बुरशी खाल्ली तर आपण त्याला मित्र म्हणतो, आणि अळंबी खाल्ली तर शत्रू. अळंबी हीसुद्धा बुरशीच असते, एवढं लक्षात ठेवलं की यातलं कोडं सुटतं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. बुरशीवर जगणाऱ्या या बुरश्यांनी मला कित्येक वर्षं वेड लावलं आहे. माणसाला उपयोगी पडतील अशी रसायनं शोधायची असतील तर या लढाया जिथे चालतात तिथे जाऊन बघावं, असं माझं ठाम मत आहे. ते मत कशामुळे झालं, ते सांगतो.

आधी ही लढाई दिसते कशी ते बघू. काचेच्या बशीत बटाट्याचं पाणी, साखर आणि आगर यांचा थर ओतायचा. एका कडेला रायझोक्टोनिया ठेवायची. ही जमिनीत राहून कोवळी रोपं बुडाशी कुजवते आणि आडवी पाडते. समोरच्या कडेला ट्रायकोडर्मा ठेवायची. दोघी पसरत पसरत मध्यावर येतात. तीन-चार दिवसांत रायझोक्टोनियाची वाढ थबकते. ट्रायकोडर्मा मात्र थांबत नाही, ती समोरचीच्या अंगावर चढते. तिथला एक बारीक तुकडा काचपट्टीवर घेऊन निळ्या रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की रायझोक्टोनियाचा जाड तंतू दिसतो आणि त्याला काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखे गुंडाळलेले ट्रायकोडर्माचे बारीक तंतू दिसतात. वेढ्यावर वेढे. काही ठिकाणी जाड तंतूच्या भिंतीला भोकं पडलेली असतात आणि आतला ऐवज गायब असतो. दरवर्षी हे दृश्य दाखवलं की विद्यार्थ्यांचा गलका क्षणभर थांबतो.

हे गुंडाळणं म्हणजे लढाईचा डोळ्यांना दिसणारा भाग. खरी मारामारी रसायनांची असते. बुरशीच्या पेशीभोवती कायटिन आणि ग्लुकन या पदार्थांची भिंत असते. हल्ला करणारी बुरशी ती भिंत विरघळवणारी विकरं सोडते. भिंत सैल झाली की पुढची फळी येते, पेप्टायबॉल नावाच्या, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची. त्या पेशीच्या पातळ पडद्यात घुसतात, चार-सहा जणी गोल करून उभ्या राहतात आणि मधे भोक तयार होतं. त्या भोकातून पेशीतले क्षार बाहेर वाहून जातात. भिंत फोडणारे आणि पडदा भोसकणारे एकत्र आले तर दोघांचाही मारा कितीतरी पटींनी वाढतो. यातलं ॲलामेथिसिन नावाचं पेप्टायबॉल १९६७ साली ट्रायकोडर्मातूनच वेगळं केलं गेलं. आपल्या मज्जातंतूंमध्ये विजेचे संदेश ज्या छिद्रांतून जातात, त्यांचं काम कसं चालतं हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षं हे ॲलामेथिसिन नमुना म्हणून वापरलं.

ट्रायकोडर्माच्या काही जातींच्या बशीचं झाकण उघडलं की चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. विद्यार्थी पहिल्यांदा गोंधळतात, कुणी डब्यात सोलकढी आणली आहे का म्हणून मागे वळून बघतात. हा वास ज्या रसायनाचा, त्याचं नाव सहा-पेंटिल-अल्फा-पायरोन. ते हवेतून पसरतं आणि आसपासच्या बुरश्यांची वाढ रोखतं. आपल्याला जो सुवास वाटतो, तो शेजारच्या बुरशीसाठी इशारा असतो.

बुरशी बुरशीला खाते ही गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली ती रिचर्ड वाइंडलिंग यांनी. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रात ते रोपांच्या मरीवर काम करत होते. १९३२ साली त्यांनी लिहिलं की ट्रायकोडर्मा जमिनीतल्या इतर बुरश्यांवर परजीवी म्हणून जगते. दोन वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की बुरशी बाजूला काढून नुसतं तिचं गाळलेलं पाणी घातलं तरी रायझोक्टोनिया मरते. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरत होतं. १९३६ साली ऑलिव्हर इमर्सन यांच्यासोबत त्यांनी त्या पाण्यातून त्या विषाचे स्फटिक वेगळे केले. तेच ग्लायोटॉक्सिन. पेनिसिलिन अजून दवाखान्यात पोहोचलं नव्हतं त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग ग्लायोटॉक्सिनचं औषध झालं का? नाही. चाळिशीच्या दशकात प्रतिजैविक म्हणून ते तपासून पाहिलं गेलं, पण जनावरांनाही ते विषारी ठरलं. कारण त्याच्या रचनेत आहे. ती रचना पक्की व्हायला १९५८ साल उजाडलं. रेणूच्या मधोमध गंधकाचे दोन अणू हातात हात घालून पूल बांधतात. पेशीत गेल्यावर हा पूल उघडतो आणि मिटतो, आणि त्या उघडझापीत पेशीची प्रथिनं नासतात. बुरशीची प्रथिनं असोत की उंदराची, गंधकाच्या पुलाला फरक पडत नाही. माणसाच्या फुफ्फुसात संसर्ग करणारी ॲस्परजिलस फ्युमिगॅटस हीसुद्धा ग्लायोटॉक्सिन बनवते आणि आपल्या प्रतिकारपेशींना त्याने जेरीस आणते.

इथे कुणाच्याही मनात प्रश्न येईल: एवढं जहाल विष बनवणारी बुरशी स्वतः कशी वाचते? तिच्याकडे त्यासाठी एक खास विकर असतं. ते पेशीच्या आत गंधकाचा पूल मिटवून ठेवतं, तलवार म्यानात घालावी तसं. आणि एक पंप ते विष पटकन बाहेर फेकतो. हे विकर काढून टाकलं तर बुरशी स्वतःच्याच विषाला बळी पडण्याइतकी नाजूक होते. विष बनवण्याची कृती आणि त्यापासून वाचण्याची कृती, दोन्ही तिच्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. हा शेजार पुढे फार कामाला येतो.

बुरशीविरुद्धचं औषध शोधणं इतकं अवघड का, हेही इथेच सांगायला हवं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपण पाहिलं आहे. ॲम्फोटेरिसिन बी या इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव फोन करत होते. ते औषध मिळालं तरी मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो, म्हणून रोज रक्त तपासावं लागायचं. जिवाणूंवर डझनावारी औषधं आहेत आणि बुरशीवर मोजकी, याचं कारण नात्यात आहे. बुरशी झाडासारखी एका जागी वाढते म्हणून आपण तिला वनस्पतींच्या रांगेत बसवतो, पण वंशावळीत ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची. तिच्या पेशीतली बरीचशी यंत्रणा आपल्यासारखीच. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल, तिच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल, इतका बारीक फरक. ॲम्फोटेरिसिन या फरकाचाच फायदा घेतं, पण त्याचा नेम अगदी अचूक नाही.

आता परजीवी बुरशीचा विचार करा. तिला मारायचं असतं ते आपल्या चुलत भावंडाला. तिच्या विषाला तिच्याच जातकुळीचं काहीतरी ओळखून मारावं लागतं, आणि स्वतःला मात्र सोडावं लागतं. म्हणजे जो पेच औषध शोधणाऱ्यांपुढे आहे, तोच तिच्यापुढे कोट्यवधी वर्षं आहे. तिला सापडलेलं प्रत्येक उत्तर आपल्या कामाचं नसेल, ग्लायोटॉक्सिन नव्हतंच. पण तिने काढलेली उत्तरं वाचायला हवीत.

याचं एक जुनं उदाहरण तुमच्या आजीच्या औषधांच्या डब्यातही असू शकेल. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात वेअरहॅम हीथ नावाचा माळ आहे. तिथे लावलेली सूचिपर्णी झाडं वाढायचीच नाहीत. या झाडांच्या मुळांना काही बुरश्यांची सोबत लागते, आणि त्या मातीत ती सोबतीची बुरशी तग धरत नव्हती. पर्सी ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत कोणत्या बुरश्या आहेत ते तपासलं. पेनिसिलियमच्या जाती भरपूर निघाल्या. त्यांपैकी एकीच्या द्रावणात दुसऱ्या बुरशीचे बीजाणू ठेवले तर त्यांना फुटणारे कोंब सरळ न जाता स्प्रिंगसारखे पिळवटून जायचे. १९४६ साली त्यांनी या पदार्थाला नाव दिलं 'कर्लिंग फॅक्टर', म्हणजे पीळ घालणारा घटक. नंतर कळलं की १९३९ साली लंडनमध्ये वेगळं केलेलं ग्रिसिओफल्विन ते हेच.

ग्रिसिओफल्विन पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना चिकटतं, त्यामुळे बुरशीच्या पेशीला विभागता येत नाही. पोटातून घेतलं की ते नव्याने तयार होणाऱ्या त्वचेत, केसांत आणि नखांत जाऊन बसतं. १९५८ च्या सुमारास ते गजकर्णासाठी गोळीच्या रूपात वापरात येऊ लागलं. तोवर डोक्यातल्या गजकर्णावर क्ष-किरणांनी केस गाळण्याचा अघोरी उपाय करत असत. माळावर झाडं का वाढत नाहीत या प्रश्नापासून निघालेली वाट पोरांच्या डोक्यापर्यंत पोहोचली, आणि ती निघाली कारण दोन बुरश्यांचं वैर कुणाच्यातरी लक्षात आलं. आज आपल्याकडे गजकर्ण पुन्हा चिवट झाला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या जातीवर नेहमीचं टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही. त्या जातीला हे नाव मिळालं २०२० साली, आणि त्या नावात भारत आहे. नव्या औषधांची गरज आपल्या घरापर्यंत आलेली आहे.

लढाईच्या जागी जाऊन शोधायचं, हे सूत्र सर्वांत शिस्तीने पाळलं ते अमेरिकेतल्या दोघांनी: आयोवा विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स ग्लोअर आणि पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेतले बुरशीतज्ज्ञ डोनाल्ड विकलो. (दुसऱ्या महायुद्धात खरबुजावरच्या बुरशीपासून पेनिसिलिनचं उत्पादन वाढवलं गेलं, ते याच पिओरियाच्या प्रयोगशाळेत.) त्यांची युक्ती मला फार आवडते. काही बुरश्या वाईट दिवसांसाठी स्वतःच्या कडक गाठी करून ठेवतात. आपल्या भुईमुगाच्या शेतात बुडाशी मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात ना, तशा गाठी. शास्त्रात त्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. अफलाटॉक्सिन हे विष बनवणारी ॲस्परजिलस फ्लेव्हसही अशा गाठी करते. गाठ म्हणजे पेशीत भरून ठेवलेलं अन्न. मातीत वर्षानुवर्षं पडून राहायचं तर तिला खाणारे भरपूर.

विकलोंनी या गाठीच आमिष म्हणून मक्याच्या शेतात पुरल्या. बऱ्याच काळाने त्या उकरून काढल्या आणि त्यांच्यावर कोण बसलं आहे ते पाहिलं. गाठीचं कवच भेदून आत शिरलेली प्रत्येक बुरशी म्हणजे बुरशी मारण्याची परीक्षा पास झालेली. मूठभर माती उचलून तिच्यातले हजारो जीव एकेक करून तपासण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं! निवड शेतानेच करून दिली. पुढे त्यांनी हीच नजर जंगलातल्या लाकडावर वाढणाऱ्या कडक छत्रीच्या अळंब्यांकडे वळवली. जुन्या छत्रीवर दुसऱ्या कुणाची तरी मखमल चढलेली दिसली की ती उचलायची.

अशाच एका पुरलेल्या गाठीवर ह्युमिकोला फ्युस्कोॲट्रा नावाची बुरशी मिळाली. तिच्या अर्कात बुरशीनाशक पदार्थ सापडला तो मोनोर्डेन, ज्याला रॅडिसिकॉल असंही म्हणतात. हा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. रॅडिसिकॉल स्वतः नवं नव्हतं, १९५३ पासून ते माहीत होतं. पण ते पेशीत नेमकं काय करतं हे नव्वदच्या दशकातच उलगडत होतं. प्रत्येक पेशीत प्रथिनांना नीट घडी घालून देणारं एचएसपी-नव्वद नावाचं मदतनीस प्रथिन असतं. रॅडिसिकॉल त्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि काम बंद पाडतं. कर्करोगाच्या पेशी या मदतनीसावर जरा जास्तच विसंबून असतात, म्हणून औषध कंपन्यांचे कान टवकारले. रॅडिसिकॉल जसंच्या तसं शरीरात टिकत नाही, पण त्याचा सांगाडा समोर ठेवून केलेली काही रसायनं रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली.

आता पुन्हा तोच प्रश्न: ह्युमिकोलाला स्वतःलाही एचएसपी-नव्वद लागतंच, मग ती कशी वाचते? २००९ साली याचं उत्तर आलं. तिच्या एचएसपी-नव्वदमध्ये त्या खाचेजवळचं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. ल्यूसीनच्या जागी आयसोल्यूसीन. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच, फक्त एक फांदी एका जागेवरून सरकलेली. तेवढ्याने खाचेतलं पाणी वेगळं बसतं आणि रॅडिसिकॉलची पकड ढिली पडते. पण मदतनीसाचं रोजचं काम बिघडत नाही. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात इतकी बारीक, इतकी नेमकी दुरुस्ती! मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

यातून शोधाची नवी वाट उघडते. बुरशी विषाची जनुकं एका पुंजक्यात ठेवते आणि पुष्कळदा त्याच पुंजक्यात स्वतःच्या बचावाचं जनुकही ठेवते. म्हणून जनुकांच्या यादीत, विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारी, एखाद्या नेहमीच्या प्रथिनाची जादा प्रत दिसली, तर तो मोठा सुगावा असतो. हे विष कुठे वार करणार, ते वार होण्याआधीच कळतं.

प्रयोगशाळेतलं काम मात्र आजही चिकाटीचं. मिळालेली बुरशी आधी शुद्ध करून घ्यायची. मग पुष्कळदा ती तांदळावर वाढवतात, साध्या, भिजवून वाफवलेल्या तांदळावर. महिनाभरात फ्लास्कमधला भात रंग बदलतो. कधी विटकरी, कधी पिवळाधमक. तो इथिल ॲसिटेटमध्ये भिजवायचा. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा या द्रावकाचा वास दिवसभर बोटांना राहतो. द्रावक उडवलं की तळाला चिकट, काळपट अर्क उरतो. त्याचा थेंब कागदाच्या छोट्या चकतीवर घेऊन ती चकती शत्रू-बुरशीच्या बशीत ठेवायची. दोन दिवसांनी चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं तर अर्कात दम आहे. मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा चकतीवर तपासायचा, जो चालतो त्याचे आणखी भाग. असं करत करत शेवटी काही मिलिग्रॅमचा एक पदार्थ उरतो. त्याचं वजन मोजणारं यंत्र रेणू किती जड ते सांगतं, आणि अणूंचं चुंबकीय कंपन टिपणारं दुसरं यंत्र कोणता अणू कोणाशेजारी बसला आहे ते सांगतं.

यात हिरमोड करणारी गोष्ट म्हणजे सगळं झाल्यावर कळतं, हा तर जुनाच रेणू. म्हणून हल्ली अर्क हाती येताच त्याची माहीत असलेल्या रेणूंशी पडताळणी करतात आणि ओळखीचे चेहरे बाजूला काढतात. दुसरी अडचण अशी की बुरशीच्या जनुकांत विषांच्या जितक्या कृती लिहिलेल्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा बशीत एकटी असताना ती उघडतच नाही. समोर कुणी नाही तर हत्यार कशाला उपसायचं? म्हणून आता शिकारी आणि शिकार एकाच बशीत वाढवून मधल्या सीमारेषेवरचा आगर कापून तपासतात. एकटीच्या बशीत जे रेणू दिसत नाहीत, ते तिथे दिसतात.

छत्रीच्या अळंबीवरून मिळालेल्या खजिन्यातलं एक नाव व्हर्टिसिलिन. जपानमध्ये १९७० साली कोल्ट्रिशिया नावाच्या अळंबीवर वाढणाऱ्या बुरशीतून ते मिळालं. त्याच्यातही गंधकाचे तेच पूल आहेत, दोन-दोन, ग्लायोटॉक्सिनच्या भावासारखे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेत निकोलस ओबर्लीस यांचा गट अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याचा अभ्यास करतो. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अतिसूक्ष्म कणांत भरून गाठीपर्यंत कसं न्यायचं, ही झटापट चालू आहे. हे औषध होईल की नाही ते काळ ठरवेल.

सायक्लोस्पोरिनचं औषध कधीच झालं आहे. मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या घरी हे नाव सगळ्यांना माहीत असतं. १९६९ साली नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीत टॉलिपोक्लॅडियम नावाची बुरशी निघाली. तिच्या रसायनाकडे आधी पाहिलं गेलं ते बुरशीनाशक म्हणून! त्या कामात ते फारसं चमकलं नाही, पण १९७२ मध्ये लक्षात आलं की ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. टॉलिपोक्लॅडियमचं कूळही विलक्षण आहे. काही बहिणी किड्यांवर जगतात, तर काही जमिनीखालच्या ट्रफलसारख्या बुरशीवर. बुरशीच्या पेशीत आणि आपल्या पांढऱ्या पेशीत एकच जुना खटका आहे आणि हे औषध तोच दाबतं. जे नातं औषधांचा नेम चुकवतं, त्याच नात्यामुळे हे औषध मिळालं.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना मात्र या लढाईची ओळख कुणी करून द्यायला नको. अझॉक्सिस्ट्रॉबिन या बुरशीनाशकाचं नाव त्यांच्या तोंडी आहे. त्याचा पूर्वज स्ट्रॉबिल्युरिन, पाइनच्या पडलेल्या शंकूवर उगवणाऱ्या इवल्याशा अळंबीतून १९७७ साली जर्मनीत वेगळा केला गेला. ती अळंबी कुणाला खात नाही, फक्त आपल्या शंकूवर दुसऱ्या बुरशीला फिरकू देत नाही. मूळ रेणू उन्हात टिकेना, म्हणून त्यात बदल करून १९९६ साली फवारणीची औषधं बाजारात आली. पण दोनच वर्षांत जर्मनीतल्या गव्हावरच्या भुरीने, म्हणजे पानांवर पांढरी पूड चढवणाऱ्या बुरशीने, त्यावर मात केली, आणि तीही प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलून. एकाच रेणूवर सगळा भार टाकला की हे होतंच. म्हणून बागेत भुरीच्या तंतूंच्या आत शिरून तिथेच आपली बीजाणूंची कुपी भरणारी अँपेलोमायसिस ही जिवंत बुरशीही फवारतात. जिवंत परजीवीकडे एक नाही, अनेक हत्यारं असतात. शत्रूला एकाच वेळी सगळ्यांतून निसटणं कठीण जातं. काकांच्या पाकिटाचंही तसंच; फक्त त्याच्या आगेमागे लगेच रासायनिक बुरशीनाशक टाकू नये, नाहीतर राखणदारच मरतो, हे मी त्यांना दोनदा बजावलं.

आपल्या सह्याद्रीत या कामाला अंत नाही. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या जंगलात भाद्रपदात एक आडवा ओंडका बघा. त्याच्यावर मागच्या वर्षीची कडक छत्री असते, तिच्या पोटाला पांढरी, गुलाबी, हिरवी लव आलेली असते. तिच्याकडे थांबून बघणारे फार थोडे. गोवा विद्यापीठातल्या डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या कितीतरी अनोळखी बुरश्यांना नावं दिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. आणून दिलेली बुरशी तिथे जिवंत जपली जाते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांनी मातीतल्या जिवाणूंपासून बुरशीवरचं हॅमायसिन काढलं, त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे. म्हणजे आपल्या मातीतून असं काही निघू शकतं हे आधीच दिसलेलं आहे. नाव ठेवणारे, बारीक नजरेने वेचणारे आणि रेणू उलगडणारे अशी तीन प्रकारची माणसं एका खोलीत बसायला हवीत. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी एकदा तरी चिखलात गुडघे टेकावेत, असं मला फार वाटतं.

मावशीने पुरायला काढलेल्या पिशवीतला हिरवा तुकडा मी तिच्या नकळत कागदात बांधून आणला. बशीत तो धिंगरीसमोर ठेवला. पाचव्या दिवशी धिंगरीच्या कडेला पिवळसर रेघ उठली, आठव्या दिवशी तिच्या पांढऱ्या जाळ्यावर हिरवे ठिपके. झाकण किंचित उचललं, तर खोबऱ्याचा वास. मी मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वासाचं राहू दे, माझ्या पिशव्या कशा वाचवायच्या ते सांग." भुसा आणखी वेळ वाफव, शेडमध्ये खेळती हवा ठेव, हिरवी पिशवी शेडमध्ये फोडू नकोस, एवढं मी सांगितलं. बशीतली बुरशी आता परीक्षानळीत फ्रिजमध्ये आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: मिरज, धिंगरीवर, हिरवी.